माउंटन गोरिला बघायला जायचंय? मग विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा

पहिली गोष्ट, विमानाचं तिकीट आत्ता काढू नका. अदिस अबाबा मार्गे स्वस्त दिसतंय, आजच सेल संपतोय, काय वाटेल ते असो, हात आवरा. आपण नेहमी आधी तिकीट काढतो, मग हॉटेल, आणि तिथं काय बघायचं ते रात्री बॅग भरताना ठरवतो. इथं ते चालत नाही कारण सगळा खेळ परमिटचा आहे, एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच माणसं भेटायला सोडतात, जास्तीत जास्त ८ जण, आणि तेही एक तास. त्या तारखेच्या जागा भरल्या की भरल्या, तिथं तत्काळ कोटा नाही आणि ओळख काढूनही काही होत नाही. परमिट हातात पडलं की मगच बाकीची गाडी हलवायची.

आणि प्राणीसंग्रहालयात बघितलाय की गोरिला, असं कोणी म्हणालं तर तो हा नव्हे. तिथं असतात ते बहुतेक पश्चिम-मध्य आफ्रिकेच्या सखल जंगलातले गोरिला. माउंटन गोरिला जगातल्या एकाही झूमध्ये नाही. २०१५-१६ ची विरुंगा डोंगररांगेतली गणना आणि २०१८ ची युगांडातल्या ब्विंडी जंगलाची गणना मिळून आकडा आला १०६३. एवढेच. त्यातही आपल्याला भेटता येतात ती फक्त माणसाच्या वावराला सरावलेली कुटुंबं, आणि एकेका कुटुंबाला असं सरावायला रेंजर लोकांना २-३ वर्षं रोज जंगलात जावं लागतं.

युगांडा का रवांडा

पर्याय तीनच देशात आहेत, युगांडा, रवांडा आणि काँगो. काँगोचं परमिट सगळ्यात स्वस्त असायचं म्हणून कोणीतरी ते सुचवेलच, पण २०२५ च्या जानेवारीत त्या बाजूचं गोमा शहर एम २३ बंडखोरांनी ताब्यात घेतलं, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता बंद.

रवांडाचं परमिट १५०० डॉलर, २०१७ पासून. युगांडाचं ८०० डॉलर, जुलै २०२४ पासून (त्याआधी ७०० होतं). म्हणजे युगांडात माणशी ७० हजार रुपयांच्या आसपास किंवा थोडं वर, आणि रवांडात सव्वा लाखाच्या पुढे, नुसत्या एका तासाचे. हो, मलाही पहिल्यांदा ऐकून चक्कर आली होती.

मग रवांडाला कोण जातं? ज्यांच्याकडे पैसा आहे पण दिवस नाहीत ते. किगाली विमानतळावरून गाडीत बसलं की अडीच-तीन तासात मुसांझे आणि तिथून जवळच व्होल्कॅनोज नॅशनल पार्कचं किनिगी ऑफिस, रस्ते चकाचक. आईवडिलांना नेणार असाल किंवा सगळे मिळून ४ दिवसच सुट्टी असेल तर रवांडाच बरा. युगांडात एंटेबे विमानतळावरून ब्विंडीच्या जंगलापर्यंत पोचायला ८ ते १० तास गाडीत बसायचं, शेवटचे काही तास कच्च्या वळणांचे. पण आपल्यासारख्या पगारदार ट्रेकर माणसाला माझा सल्ला युगांडाच, वाचलेल्या पैशात अजून ३-४ दिवस राहता येतं आणि माझ्या मते जंगल म्हणून ब्विंडी जास्त घनदाट, जास्त जंगल वाटतं.

एक मधला मार्ग पण आहे जो बरेच जण करतात. विमानानं किगालीला उतरायचं, मुसांझेवरून स्यानिका बॉर्डर ओलांडून युगांडातल्या किसोरोला जायचं, आणि परमिट युगांडाचं घ्यायचं. ब्विंडीचा दक्षिण भाग किगालीहून असा ४-५ तासात येतो. फक्त रवांडात गाड्या उजव्या बाजूनं चालतात आणि युगांडात आपल्यासारख्या डाव्या, त्यामुळे स्वतः गाडी चालवायचा किडा असेल तर बॉर्डरनंतर १० मिनिटं डोकं जागेवर ठेवा. शक्यतो ड्रायव्हरच घ्या.

परमिटवर सेक्टर वाचा, दोनदा वाचा

इथं मी माती खाल्लीये म्हणून जरा सविस्तर सांगतो. ब्विंडी हे नकाशावर एकच हिरवं जंगल दिसतं पण ट्रेक सुरू होतो तो ४ वेगवेगळ्या ठिकाणाहून. उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि नैऋत्येला न्कुरिंगो. यातल्या एकातून दुसऱ्यात जायला गाडीनं सहज २-३ तास लागतात कारण मधे डोंगर आहेत, आणि तुमचं परमिट ज्या सेक्टरचं आहे तिथंच सकाळी हजर व्हायचं असतं. आमच्या एजंटनं परमिट काढलं रुहिजाचं आणि लॉज बुक केलं बुहोमाला, आणि आम्हीही 'ब्विंडी' एवढा शब्द बघून खूश. आदल्या रात्री जेवताना लॉजवाल्यानं सहज विचारलं तेव्हा कळलं. पहाटे चारला अंधारात निघून, उलट्या होणारा एक मेंबर मागच्या सीटवर घेऊन, कसेबसे ब्रीफिंगला पोचलो. लेट झालात तर गट निघून जातो आणि पैसे गेले.

कुठला सेक्टर घ्यायचा? बुहोमा सगळ्यात जुना, १९९३ ला ब्विंडीतलं गोरिला पर्यटन इथूनच मुबारे कुटुंबापासून सुरू झालं, राहायची सोय भरपूर, गावही छान. रुशागामध्ये सरावलेली कुटुंबं सगळ्यात जास्त, म्हणून उशिरा बुक करणाऱ्याला परमिट मिळायची शक्यता इथं बरी. न्कुरिंगोचा उतार सरळ दरीत, सकाळी उतरताना मजा वाटते आणि दुपारी चढताना आई आठवते. रुहिजा उंच आणि थंड, गर्दी कमी, पक्षी बघणाऱ्यांसाठी झकास.

युगांडातच अजून एक छोटं पार्क आहे, म्गाहिंगा, तिथं सरावलेलं एकच कुटुंब आहे, न्याकागेझी. ज्वालामुखींचा नजारा अफलातून, पण एकाच कुटुंबावर भिस्त ठेवायची का ते तुम्ही ठरवा.

रुशागामध्ये 'हॅबिच्युएशन' नावाचं वेगळं परमिट पण मिळतं, १८०० डॉलर, ४ जणच, आणि गोरिलांसोबत ४ तासांपर्यंत. ही कुटुंबं अजून पूर्ण सरावलेली नसतात त्यामुळे चालणं जास्त आणि धावपळ जास्त. फोटोवाले सोडून बाकीच्यांनी पहिल्यांदाच हे घेऊ नये असं माझं मत.

कधी जायचं

कोरडे महिने म्हणजे साधारण जून ते सप्टेंबरची सुरुवात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. आता गंमत बघा, आपली मे महिन्याची सुट्टी तिथल्या मोठ्या पावसात येते (मार्च ते मे) आणि दिवाळीची सुट्टी छोट्या पावसात. नाताळची सुट्टी जुळते पण तेव्हा सगळं जग तिथं असतं. जून-जुलै बेस्ट, इकडे पाऊस सुरू झाला की तिकडे निघायचं, फक्त ६ महिने आधी परमिट बघायला लागा. आणि कोरडा महिना म्हटलं तरी हे रेनफॉरेस्ट आहे, एखादी सर येणारच. जुलैत भीमाशंकर केलेल्या माणसाला त्या चिखलाचं काही नवल वाटणार नाही, इतरांना वाटेल.

बुकिंगचा क्रम

युगांडाचं परमिट तिथल्या सरकारी वन्यजीव खात्याचं, युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटीचं, पण बहुतेक लोक तिथल्या रजिस्टर्ड टूर ऑपरेटरमार्फत घेतात. ३-४ जणांना मेल टाका, ३ तारखा द्या, 'या तारखांना कुठल्या सेक्टरला जागा आहे' एवढंच विचारा. जो आधी पूर्ण टूरचे पैसे मागतो आणि परमिटची कॉपी नंतर देतो म्हणतो त्याला रामराम करा. परमिटवर नाव आणि पासपोर्ट नंबर छापलेला असतो, तो तपासा, पासपोर्ट रिन्यू करायचा असेल तर तो आधीच करून घ्या. रवांडाचं परमिट ऑनलाइन स्वतः काढता येतं, तिथं कुटुंब मात्र त्या दिवशी सकाळी किनिगीलाच ठरतं.

परमिट आलं की लॉज, किमान २ रात्री, एक ट्रेकच्या आधीची आणि एक नंतरची. मग विमान. मुंबई-एंटेबे युगांडा एअरलाइन्सची थेट फ्लाइट ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, नाहीतर इथियोपियन किंवा केनिया एअरवेज. ट्रेकच्या तारखेआधी अख्खे २ दिवस हातात ठेवून उतरा, एक फ्लाइट लेट झाली म्हणून ८०० डॉलर बुडालेली माणसं आहेत. रस्त्याचे १० तास नको असतील तर एंटेबेहून छोटी विमानं किसोरो आणि किहिहीला जातात, पण सामान १५ किलोच्या आसपासच चालतं.

भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस (सरकारचा आगाऊ कर) घेतात, तो रिटर्न भरताना क्लेम होतो पण हातचे पैसे तेवढे दिवस अडकतात, बजेटमध्ये धरा. मेडिकल इव्हॅक्युएशन असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या. आणि निघायच्या आधी साथींच्या बातम्या बघा, २०२४ च्या सप्टेंबरात रवांडात मारबर्ग आला होता, २०२५ च्या जानेवारीत युगांडात इबोला, दोन्ही आटोक्यात आले पण अशा वेळी नियम रातोरात बदलतात.

यलो फीवर, हे विसरलात तर परत येताना रडाल

युगांडात शिरायला यलो फीवरचं सर्टिफिकेट लागतं. पण खरा धाक आपल्या देशाचा आहे. तिकडून परत येताना ते पिवळं कार्ड नसेल तर आपल्याकडे ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवतात, आणि यात कोणाची गय करत नाहीत कारण आपल्याकडे डास आहेत, तो आजार अजून नाही. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, गल्लीतल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. केंद्रांवर ठराविक वारी आणि ठराविक नंबरच असतात म्हणून महिना-दीड महिना आधी फोन करा. टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड वैध होतं, मग आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय ६० च्या वर असेल तर तिथल्या डॉक्टरला आधीच सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचं पण त्याच फेरीत विचारून घ्या.

व्हिसा सोपा आहे. युगांडाचा ई-व्हिसा ५० डॉलर, आणि युगांडा-रवांडा-केनिया तिन्ही करायचे असतील तर १०० डॉलरचा ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा, ९० दिवसांचा. तो ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच देशाकडून काढायचा.

बॅगेत काय

बूट. जुने, पायाला सवय झालेले, पण गेल्या पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेले बूट निघायच्या आधी दोन वेळा घालून चाला, सोलचा डिंक सुकून गेलेला असतो आणि तळवा नेमका तिथंच निघून हातात येतो. विमानात ते पायातच घाला, बॅग हरवली तर बाकी सगळं विकत मिळेल, तुमच्या मापाचे घोटा धरणारे बूट मिळणार नाहीत.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट आणि लांब मोजे, पँट मोज्यात खोचायची. दिसतं बावळट पण सफारी मुंग्या नावाचा प्रकार पँटीत शिरला की दिसण्याचं भान राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते रबर लावलेले कापडी हातमोजे न्या कारण घसरताना आपण हाताला येईल ती फांदी धरतो आणि ती नेमकी नेटल असते, आपल्याकडच्या खाजकुयलीची आफ्रिकन बहीण समजा. रेन जॅकेट हवं, पोंचो नको, काट्यात अडकतो. पाणी २ लिटर. रवांडात जाणार असाल तर प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नेऊ नका, २००८ पासून बंदी आहे, आपल्याला सॅकमध्ये सगळं पिशवीत गुंडाळायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

खाण्याची काळजी करू नका. शाकाहारी लोकांना बीन्स, भात, मातोके (उकडून कुस्करलेली कच्ची केळी) आणि चपाती सगळीकडे मिळते, हो चपातीच म्हणतात, आपल्या लोकांनीच नेलेली. चपातीत ऑम्लेट गुंडाळून 'रोलेक्स' म्हणून रस्त्यावर विकतात, खाणाऱ्यांनी सोडू नये.

तब्येत

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. बुहोमा सोडलं तर बाकी ठिकाणी तुम्ही चालायलाच त्याच्या वरून सुरुवात करता, आणि रवांडात गोरिला अडीच-तीन हजार मीटरवर सुद्धा असतात. पण उंचीपेक्षा त्रास देते ती अनिश्चितता. गोरिला कधी पाऊण तासात सापडतात, कधी ५ तास लागतात. वाट नसते, पुढचा माणूस कोयत्यानं झाडोरा तोडत जातो आणि आपण वेलींच्या गादीवर चालतो, पाय जमिनीला लागतच नाही. दोन महिने आधीपासून दर रविवारी एक किल्ला करा, राजगड गुंजवण्याकडून चोरदरवाज्यानं चढून उतरून पाय दुसऱ्या दिवशी बरे असतील तर तुम्ही तयार आहात. गुडघे दुखत असतील तर ब्रीफिंगच्या वेळी रेंजरला स्पष्ट सांगा, जवळच्या कुटुंबाकडे पाठवायचा ते प्रयत्न करतात. अगदीच चालवत नसेल तर डोलीसारखी खुर्ची करून गावातली माणसं उचलून नेतात, काहीशे डॉलर लागतात, पण गोरिला बघायची ज्या आजीची इच्छा आहे तिच्यासाठी ते वसूल आहेत. १५ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही, त्यात तडजोड नाही.

आणि पोर्टर घ्या. आपली सॅक आपण उचलायची ही सह्याद्रीत शान असते, मान्य, इथं ती शान घरी ठेवा. साधारण २० डॉलर लागतात. तो फक्त सॅक घेत नाही, चिखलात मागून ढकलतो, पुढून ओढतो. पोर्टर आसपासच्या गावातले असतात आणि पाळी लावून येतात, जंगल टिकलं तर आपलं पोट चालतं हे त्या गावाला पटतं ते या पैशामुळं. याच जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या बात्वा लोकांना १९९१ ला पार्क झाल्यावर बाहेर काढलं, त्यांना त्याचा फायदा फारच कमी मिळाला, तेव्हा बात्वा लोक स्वतः चालवतात अशी फेरी असेल तर ती करा, नाच दाखवून परत पाठवणारी नको.

तो दिवस

सकाळी सात-साडेसातला ब्रीफिंग. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. सर्दी, खोकला, ताप असेल तर इथंच सांगायचं, लपवायचं नाही. मला माहितीये ८०० डॉलर भरल्यावर खोकला गिळायचा मोह होतो, पण आपली साधी सर्दी गोरिलाच्या छातीत उतरली तर अख्खं कुटुंब आजारी पडू शकतं, आपले आणि त्यांचे जीन्स ९८ टक्के सारखे आहेत. म्हणूनच मास्क, आणि म्हणूनच कोविडनंतर अंतर ७ मीटरवरून १० मीटर केलं. निघायच्या आधीचा आठवडा शिंकणाऱ्या भाच्यांपासून लांब राहा.

ट्रॅकर लोक पहाटेच गेलेले असतात. गोरिला रोज रात्री नवी बिछायत करून झोपतात, तर काल जिथं झोपले तिथून माग काढत जायचं आणि सापडले की वायरलेसवर कळवायचं. तुमचा गट त्या दिशेनं चालत राहतो. जंगलात पोटात कळ आली तर रेंजरला सांगा, तो फूटभर खड्डा करून देतो, नंतर बुजवायचा.

जवळ पोचलं की सॅक, काठी, खाणं-पिणं सगळं पोर्टरकडे ठेवून फक्त कॅमेरा घेऊन पुढे जायचं. मग रेंजर घसा खाकरल्यासारखा एक जाड आवाज काढतो, गोरिलांच्या भाषेत 'आम्ही आहोत, काही टेन्शन नाही'. समोरून तसाच आवाज आला की अंगावर काटा येतो.

फ्लॅश बंद, आधीच घरी दोनदा चेक करा. जंगलात अंधार आणि गोरिला काळा, कॅमेरा गोंधळतो आणि फोटो जास्त उजळ करतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवा. ७०-२०० लेन्स पुरते, मोठी लेन्स नेऊन हात मोडून घेऊ नका. फोनवाल्यांनी व्हिडिओ घ्यावा. पण पहिली १० मिनिटं काहीच काढू नका, नाहीतर घरी आल्यावर कळतं की आपण सगळं स्क्रीनमधूनच बघितलं.

सिल्व्हरबॅक म्हणजे पाठ रुपेरी झालेला मोठा नर, १६० ते २०० किलोपर्यंत. तो अंगावर धावून आला तर पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे, रेंजर सांगेल तसं. बहुतेक वेळा तो दम देऊन निघून जातो. पिल्लू कुतूहलानं जवळ आलं तर आपणच मागे सरकायचं, हात लावायचा नाही, कितीही गोड असलं तरी. एक तास झाला की रेंजर खूण करतो, तेव्हा 'अजून दोनच मिनिटं' करू नका.

खाली आल्यावर सर्टिफिकेट मिळतं. टिप द्यायला १, ५, १० च्या डॉलर नोटा सुट्या न्या, नव्या आणि स्वच्छ, जुन्या किंवा पेनानं लिहिलेल्या नोटा तिथं कोणी घेत नाही. रेंजर, ट्रॅकर आणि पोर्टर वेगवेगळे असतात, ट्रॅकर लोक परत येताना सोबत नसतात म्हणून त्यांचं जंगलातच देऊन टाका. दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत, तेव्हा तो दिवस कबालेजवळच्या लेक बुन्योनीला नुसतं बसायला ठेवा.

परतीला बुटांचा चिखल लॉजवरच धुवून घ्या, आणि पिवळं कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका. मुंबईत इमिग्रेशनच्या आधीच हेल्थ काउंटर लागतो, तिथं ते मागतात, आणि तोपर्यंत तुमची बॅग बेल्टवर फिरत असते.